पहिली जीभ

भुरकेमामांना भीती वाटली की ते मोठ्यानं बोलायचे, आणि गेले चार महिने त्यांचा आवाज चहाच्या अख्ख्या गोदामात घुमत होता. लोकांना वाटायचं, मामा यंदा खुशीत आहेत. कसली खुशी आणि कसलं काय! आतून माणूस पार पोखरला होता.

भुरके हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का. मामा चहा चाखायचे, त्यातून पडलेलं नाव. चाखायचे म्हणजे आपण पितो तसा नाही. चमचाभर चहा ओठाशी न्यायचा आणि असा भुरका मारायचा की शेजारच्या खोलीतल्या कारकुनानं दचकून वर बघावं. चहा टाळ्याला, गालांना, जिभेच्या मुळाशी एकदम पोचला पाहिजे. दोन क्षण घोळवायचा आणि चाकं लावलेल्या उंच पिकदाणीत पच्चकन थुंकायचा. गिळायचा नाही. दिवसाला अडीचशे-तीनशे कप, एकतीस वर्षं. मामांची बायको म्हणायची, "जगात थुंकण्याचा पगार घेणारा माणूस माझ्याच नशिबी आला."

चाखायच्या खोलीत मोठी खिडकी, खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग आणि प्रत्येक कपामागं बागेतून आलेल्या नमुन्याचा डबा. चाखणारी माणसं दोन. गोदामात त्यांना पहिली जीभ आणि दुसरी जीभ म्हणत. पहिली जीभ म्हणजे मामा. त्यांनी चाखून एक शब्द मोठ्यानं म्हणायचा, "चांगला", "कच्चा", "धुरकट", "तुरट", जो असेल तो. मग दुसरीनं तोच कप चाखायचा आणि मामांचा शब्द वहीत लिहायचा. दुसरीला पटलं नाही तर तिनं समासात फुली मारावी असा नियम होता. पण नियम कागदावर. मामांच्या काळात त्या समासात एकही फुली पडली नव्हती. मोठ्या माणसानं शब्द टाकला की टाकला.

ही दुसरी जीभ म्हणजे चाळिशीची एक बाई. चौदा वर्षांपूर्वी मामांनीच तिला कपासमोर उभी केली, भुरका मारायला शिकवला. पहिल्या दिवशी तिला असा ठसका लागला की चहा थेट गोदामाच्या साहेबांच्या सदऱ्यावर. मामा तेव्हा पोट धरून हसले होते. नंतर मात्र घरी येऊन बायकोला म्हणाले, "पोरीची जीभ माझ्यापेक्षा तल्लख आहे. तिला सांगू नकोस, चढून बसेल."

तर मामांच्या तोंडात काहीतरी बिघडलं ते एका बिस्किटानं कळलं. दुपारी नेहमीचं बिस्किट तोंडात टाकलं, चावलं, आणि ते टाळ्याला चिकटून बसलं. जिभेनं ढकलावं तर जीभही चिकटली. शेवटी पाण्याच्या घोटानं सुटका झाली. असेल बुवा उकाडा, मामा मनात म्हणाले. मग सकाळी उठलं की जीभ टाळ्यापासून सोडवावी लागायला लागली, अगदी सोलल्यासारखी. पाव गिळायला पाणी, गोळी गिळायला पाणी, चार वाक्यं बोलायची तर पाणी. उशाशी बाटली, खुर्चीशी बाटली, न्हाणीघराच्या कोनाड्यातसुद्धा बाटली.

"अहो, घराला आग लागणार आहे का?" बायकोनं विचारलं. "जिथं बघावं तिथं पाणी भरून ठेवलंय."

"पाणी पिणं चांगलं असतं!" मामा ओरडले. मोठ्यानं. म्हणजे बघा.

मामांना आजाराची भीती नव्हती असं नाही. होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. त्यांच्या आधीच्या पहिल्या जिभेला एकदा दांडगी सर्दी झाली, सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. त्या माणसाला गोदामानं काढलं नाही. फाटकाजवळ एक टेबल दिलं आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. सगळे त्याच्याशी फार चांगले वागायचे. तो चांगुलपणा मामांनी जवळून बघितला होता. जीभ गेली तर मग मी कोण? म्हणून त्यांनी कुणाला काही सांगितलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि त्याच दिवसांत मामा रांगेनं म्हणायला लागले, "तुरट." पुढचा कप, "तुरट." एखादा सोडून परत, "तुरट, घशाला धरतोय." यंदा बागांना झालंय काय, पानं उशिरा खुडतात का, मशीनवाले झोपा काढतात का, असं सगळं मोठ्यानं. एका टेकडीवरच्या बागवाल्यानं तर पत्र पाठवलं, आमचा माल परत येतोय, कुठं चुकतंय ते कृपा करून सांगा. मामांनी उत्तर दिलं, खुडणीकडं लक्ष द्या.

एकदाच दुसरी दबकत म्हणाली, "मामा, हा मला नाही लागला तुरट."

झालं! खोलीत साहेब होते, दोन कारकून होते. मामा घाबरले, आणि घाबरले म्हणून आवाज चढला. "जीभ कुठं विसरून आलीस गं? घरी फडताळात ठेवलीस की काय?"

सगळे हसले. तीही हसली. नंतर तिनं पुन्हा काही काढलं नाही. मामांनी म्हणावं "तुरट", तिनं चाखावं, थोडं थांबावं आणि लिहावं.

पुढं मामांची दाढ मोडली. पाव चावताना, म्हणजे काय म्हणावं! दातांच्या डॉक्टरनं तो दांडीवाला छोटा आरसा तोंडात घातला, गालाला टेकवला आणि काढायला गेला तर आरसा गालाला चिकटलेला. ओढला तसा गालही बरोबर आला.

"तोंड किती दिवस कोरडं आहे?"

"कुठं काय! ठणठणीत आहे." मामांचं हे वाक्य निम्मंच उमटलं, कारण जीभ टाळ्याला लागली होती.

दातवाल्यानं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी दिली. मामांनी ती खिशात घालून खिसा विसरून टाकला. पण धुणं बायको करायची. तिनं चिठ्ठी वाचली, वेळ ठरवली आणि मामांना एवढंच म्हणाली, "मंगळवारी सुट्टी टाका. नाही टाकलीत तर मी गोदामात येऊन सगळ्यांसमोर टाकीन."

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "कोरडं वाटतं का, हे मी विचारत बसत नाही," त्या म्हणाल्या. "काहीजण कोरडं कोरडं म्हणून रडतात आणि थुंकी भरपूर असते. काहीजण मुकाट बसतात आणि आत वाळवंट असतं. म्हणून मी मोजते. दीड तास आधी खायचं नाही, प्यायचं नाही, चूळसुद्धा नाही. मान खाली घालून पंधरा मिनिटं बसायचं. गिळायचं नाही, हलायचं नाही. तोंडात जे साचेल ते या नळीत गळू द्यायचं. दीड मिलीलिटरच्या वर गेलं तर बरं. खाली राहिलं तर पुढं बघू. काम काय करता?"

"गोदामात असतो," मामा म्हणाले. चाखतो हे काही ओठांवर आलं नाही.

मोजणार! आजवर हे सगळं वाटणं होतं. वाटणं म्हातारपणावर ढकलता येतं, उकाड्यावर ढकलता येतं. आकडा कुणावर ढकलणार? दीड तास संपत आला तेव्हा "जरा जाऊन येतो," म्हणून मामा संडासात गेले. खिशात एक आंबट गोळी होती. एकतीस वर्षांत ज्या माणसानं धंद्याचा नेम म्हणून आंबट गोळी जिभेला लावली नव्हती, त्यानं ती, डॉक्टरांपुढं तोंड ओलं दिसावं म्हणून, सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून चोरासारखी विकत घेतली होती. गोळी तोंडात टाकली, कडाकडा चावली. जबड्याच्या सांध्यात कळ आली, आणि आलं! कुठून तरी पाणी आलं. मामांना रडू येईल असं वाटलं.

नळीत साडेतीन मिलीलिटर. मामांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडात धरली. बराच वेळ धरली. "मामा, तुमची थुंकी नारिंगी रंगाची आहे."

मामांनी ओठ घट्ट मिटले.

"तोंड उघडा," बायको म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसंच. जीभ नारिंगी होती.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, उलट त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मला फसवणारे येतात ते आजारी ठरायला बघतात. तुम्ही पहिलेच उलटे निघालात. एवढी कसली भीती वाटते हो?" डॉक्टरीणबाईंनी शुक्रवार दिला आणि बायकोला सांगितलं, "खिसे तपासून आणा."

शुक्रवारची ती पंधरा मिनिटं मामांना जन्मात विसरता येणार नाहीत. पांढरी खोली, भिंतीवर घड्याळ, हातात नळी, तिच्या तोंडाला छोटं नरसाळं. मान खाली. पहिल्या मिनिटात काही नाही. दुसऱ्यात नाही. चौथ्या मिनिटाला खालच्या ओठावर काहीतरी जमल्यासारखं वाटलं आणि मामांनी श्वास रोखला, जणू श्वासानं ते पळून जाईल. ते गळलं नाही, ओठावरच दाट होऊन बसलं. दिवसाला तीनशे वेळा थुंकणारा माणूस एका थेंबासाठी देवाची आळवणी करत होता. पिकदाण्या भरल्या होत्या त्यांनी, पिकदाण्या! घाबरल्यावर तोंडचं पाणी पळतं म्हणतात, म्हणून मामांनी न घाबरायचा प्रयत्न केला. असा प्रयत्न कुणाला जमलाय? मान अवघडली, नरसाळं नळीवर टकटक वाजायला लागलं. घड्याळाचा काटा फिरून आला तेव्हा नळीच्या बुडाशी फेसाचा एक ठिपका होता.

"अर्धा मिलीलिटरसुद्धा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. वयाचंही नाही. थुंकीच्या ग्रंथी काम करत नाहीयेत. का करत नाहीत ते शोधू. रक्त घेऊ, ओठाच्या आतला बारीक तुकडा तपासू. एखाद्या गोळीमुळं असेल, नाहीतर शरीरच आपल्या ग्रंथींवर उठलं असेल. उपाय आहेत. पूर्वीसारखं होईलच, असं वचन मात्र देत नाही."

बायकोनं मामांचा हात धरला. मामांच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, आणि एवढा हळू आवाज बायकोनं चार महिन्यांत ऐकला नव्हता, "यानं चव बदलते का? म्हणजे… तुरट?"

"तुरट ही नुसती जिभेची चव नव्हे हो. थुंकी म्हणजे नुसतं पाणी नाही, तिच्यात वंगण असतं. जीभ टाळ्यावरून सरकते ती त्याच्यावर. कच्चं फळ किंवा कडक चहा घेतला की ते वंगण निघून जातं आणि तोंड घासल्यासारखं होतं. आपण त्याला तुरट म्हणतो. तुमच्याकडं वंगण आधीच संपलंय. तुम्हाला चांगला चहासुद्धा तुरटच लागणार."

चहात काही नव्हतंच. चार महिने जे तुरट होतं ते त्यांचं स्वतःचं तोंड. तो टेकडीवरचा बागवाला खुडणीकडं लक्ष देत बसला असेल. आणि ती? थोडं थांबून लिहिणारी ती?

बायकोला घरी सोडून मामा तडक गोदामात आले. जिन्यात साहेब भेटले. "बरं झालं आलात. तुमच्या दुसरीनं सकाळी राजीनामा ठेवलाय. म्हणते, जीभ चालत नाही. चार महिने मामांना जे लागतं ते मला लागत नाही. घशाच्या डॉक्टरकडं जाऊन आली, तिखट सोडलं, सगळं केलं. म्हणते, मी खोटं लिहितेय, मला झोप लागत नाही. तुम्हीच तिला घडवलंत, तुम्हीच सांगा. ठेवायची की जाऊ द्यायची?"

बघा आता. दवाखान्याचा कागद मामांच्या आतल्या खिशात होता. तो कुणी बघितला नव्हता. नुसतं "जाऊ द्या" म्हटलं असतं तर ती शनिवारी गेली असती, नवा माणूस आला असता, नवा माणूस मामांचा शब्द ऐकून वर्षानुवर्षं लिहीत राहिला असता. मामा पहिली जीभ राहिले असते. कोणाला कळणार होतं?

"बघतो," मामा म्हणाले आणि आत गेले.

ती रांग लावून उभी होती. वही उघडी. मामांकडं तिनं बघितलं नाही. मामांनी चमचा घेतला, भुरका मारला. तोंडभर सगळं खरखरीत झालं, नेहमीसारखंच. हे काय आहे ते आता माहीत होतं. आणि तरीही, मला सांगायला लाज वाटते, पण मामांच्या तोंडून निघालं, "तुरट."

भीतीनं निघालं. दुसऱ्या कशानं नाही.

तिनं चाखलं. थांबली. डोळे मिटून तिनं पुन्हा आठवून बघितलं, आपल्या तोंडात तो तुरटपणा कुठं आहे का, कोपऱ्यात, जिभेखाली, कुठंतरी. मग वहीवर वाकली. पेन चालल्याचा आवाज मामांना ऐकू आला.

"लिहू नकोस," मामा म्हणाले.

तिनं वर बघितलं. मामांनी कागद काढून कपांच्या मधे ठेवला. ती वाचू लागली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"चार महिने," मामा म्हणाले. "त्याच्या आधीचंही थोडं असेल. माझं तोंड कोरडं आहे गं. तुझी जीभ चांगली आहे. तुझीच बरोबर होती."

तिनं कागद होता तिथंच ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मामांनी मग मागच्या मांडणीवरून डबे काढायला सुरुवात केली. नाकारलेल्या मालाचे नमुने सहा महिने जपून ठेवायचे असा नियम होता. चार महिन्यांचे, शेकडो डबे. त्यातला पहिला उघडला, तोच टेकडीवरच्या बागेचा. पाणी उकळलं, पत्ती मोजून घातली, वाळूचं घड्याळ उलटं केलं. चहा गाळून कप तिच्यापुढं सरकवला. "तू म्हण. आधी तू."

तिनं भुरका मारला. थुंकली. तोंड उघडलं, आणि तिची नजर मामांच्या चेहऱ्यावर गेली. शब्द तिथं शोधायला गेली. मामांनी ते बघितलं. नळी लावून त्यांची थुंकी मोजता आली होती. हिचं काय मोजणार? तोंड ओलं, जीभ शाबूत, आणि बाईला आपल्याच तोंडाचा भरवसा नाही. हे आपण केलं. आजारानं नाही, आपण.

"मला कळत नाहीये," ती म्हणाली. "मामा, तुम्ही बाहेर जा. तुम्ही समोर असलात की मला तुमचंच लागतं."

मामांनी कागद उचलला, बाहेर आले, दार ओढून घेतलं. दाराला पाठ लावून उभे राहिले. साहेब जिना चढून आले, "काय ठरलं?" म्हणाले. मामांनी हातानंच गप्प केलं.

आत भुरका. थुंकल्याचा आवाज. काही नाही. पुन्हा भुरका. एक कप दोनदा चाखायचा नसतो, मामांनीच शिकवलेलं. तिसऱ्यांदा भुरका. ती "तुरट" म्हणाली तर? मग तो चहा खरंच तुरट, की चौदा वर्षांची जीभ आपण कायमची मोडली? ते ओळखायला मामांकडं आता काही उरलं नव्हतं. एवढी भीती त्यांना त्या नळीपुढंसुद्धा वाटली नव्हती. आपलं काय होणार हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

"चांगला," आतून आवाज आला. बारीक.

मग पिकदाणीला लाथ बसल्यासारखा धाडकन आवाज आला आणि ती रडत ओरडली, "चांगला होता हो मामा! तेव्हाही चांगलाच होता! मला लागत होता तो चांगला!"

साहेब आ वासून दाराकडं बघत राहिले. "कोण चुकलं म्हणते ही?"

"मी," मामा म्हणाले, आणि कागद त्यांच्या हातात दिला.